पाण्यावरचा तवंग जातो कोठे?



पावसाळ्याच्या पहिल्या सरीला पुण्याच्या रस्त्यांवर दुचाक्या घसरून पडतात, ही दरवर्षीची गोष्ट आहे. आठ महिने वाहनांतून थेंब थेंब गळलेले तेल डांबरावर बसलेले असते. पहिले पाणी पडले की ते सुटते, पाण्यावर तरंगते आणि चाकाला रस्त्याची पकड मिळू देत नाही. पाऊस वाढला की रस्ता धुऊन निघतो, गाड्या घसरायच्या थांबतात आणि शहरापुरता प्रश्न मिटतो. ते तेल मात्र आंबिल ओढा, नागझरी, रामनदी अशा ओढ्यानाल्यांतून मुळा-मुठेत उतरते. संगमावरून बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर करीत ही नदी पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीला जाते. शिवाय शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे आपण ज्याला बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडले जाते. या पाण्यावर हवेली-दौंड भागातला पुष्कळ ऊस उभा आहे.

गट ऑफिसात सभासद नेहमी एक प्रश्न विचारतात. "साहेब, सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता, दुपारी बघतो तर साफ. आता सोडू का उसाला?" प्रश्न रास्त आहे. तवंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तेल नाहीसे झालेले नसते, त्याने फक्त जागा बदललेली असते. त्यातला काही भाग पाण्यात व गाळात जातो आणि हलका भाग पाण्यावरून उठून हवेत जातो. हवेत गेलेले तेल आपल्या पिकाला पुन्हा भेटते ते निराळ्या रूपात. हे कसे घडते व आपण काय करावयाचे, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

साखर विरघळते, पेट्रोल का नाही?

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस ही सगळी एकाच कुळातली. ती मुख्यत्वे कर्ब आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांची बनलेली असतात, म्हणून त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. आपली साखर ही कर्बोदक आहे. नावे जवळची वाटली तरी गुण अगदी उलटे. साखरेच्या रेणूत कर्ब आणि हायड्रोजनबरोबर प्राणवायूचे ११ अणू असतात. पाण्याच्या रेणूंना या प्राणवायूची ओढ असते, ते साखरेच्या रेणूला चारी बाजूंनी धरून आपल्यात ओढून घेतात. म्हणून तर एक लिटर पाण्यात दोन किलोच्या आसपास साखर विरघळू शकते. आपल्या मळीपासून होणाऱ्या इथेनॉलच्या रेणूत प्राणवायूचा एकच अणू असतो, पण रेणूच लहान असल्यामुळे तेवढा पुरतो आणि इथेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते.

हायड्रोकार्बनला असा पाण्याला धरणारा हात नाही. पेट्रोलमधला हेक्झेन नावाचा घटक घ्या. एक लिटर पाण्यात तो जेमतेम १० मिलिग्रॅम विरघळतो. बेंझीन हा पेट्रोलमधलाच दुसरा घटक त्या मानाने जास्त, म्हणजे लिटरला सुमारे १.८ ग्रॅम विरघळतो, आणि तोच आरोग्याला अधिक घातक आहे. बाकीचे सगळे पाण्याहून हलके असल्यामुळे वर येऊन बसते. दोन शेतांच्या मध्ये बांध असावा तसा पाणी आणि हवा यांच्यामध्ये पाण्याचा पृष्ठभाग असतो. पाणी तेलाला आत घेत नाही आणि हवेत ते एकदम सगळे जात नाही, म्हणून तेलाचा मुक्काम या बांधावर पडतो.

एक लिटर तेल, तेहेतीस गुंठे

मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे गोल गोल थेंब तरंगताना आपण पाहतो. जड आणि शुद्ध खनिज तेलही पाण्यावर असेच भिंगासारखे गोल राहते. पेट्रोलमधले हलके घटक मात्र पाण्यावर टेकले की पसरतात. जळके ऑइल आणि डिझेल यांत मिसळलेल्या व हवेने बदललेल्या द्रव्यांमुळे त्यांचाही तवंग लांबवर पसरतो.

पसरण्याची ताकद किती असते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांचे आहे. त्यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात एक चमचा तेल ओतले, ते सुमारे अर्ध्या एकरावर, म्हणजे आपल्या हिशेबाने २० गुंठ्यांवर पसरले आणि तेवढ्या भागातल्या लाटा शांत झाल्या. ही हकीकत १७७४ साली छापून प्रसिद्ध झाली. खाण्याच्या तेलाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते, म्हणून असे तेल जवळजवळ एका रेणूइतक्या जाडीचा थर होईपर्यंत पसरू शकते. खनिज तेलाचा तवंग त्याहून जाड असतो, तरी तोही फसवाच.

तवंगाच्या रंगावरून त्याच्या जाडीचा अंदाज करता येतो. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परततो. हे दोन प्रकाश एकमेकांत मिसळताना काही रंग खुलतात, काही मावळतात, म्हणून इंद्रधनुष्य दिसते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसती चंदेरी झाक असेल तर थर साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा पातळ, सप्तरंग दिसले तर ०.३ ते ५ मायक्रॉन, आणि तेलाचा स्वतःचा काळा-तपकिरी रंग दिसू लागला तर थर पुष्कळ जाड समजावा.

आता हिशेब करून बघा. ०.३ मायक्रॉन जाडीचा थर धरला तर एक लिटर तेल सुमारे ३३ गुंठे पाणी झाकते. २० फूट व्यासाच्या विहिरीवर काठापासून काठापर्यंत रंग दिसायला दोन चमच्यांहूनही कमी तेल पुरते. याचा अर्थ दुहेरी आहे. विहिरीवर रंग दिसले म्हणून लगेच घाबरून जायचे कारण नाही, तेल थोडेच असू शकेल. पण ट्रॅक्टरचे बदललेले पाच लिटर ऑइल ओढ्यात ओतणाऱ्याने आपण किती पाण्यावर चादर घातली, हेही ध्यानात घ्यावे.

तेल नसलेला तवंग ओळखणे

पाण्यावरची प्रत्येक चमक तेलाचीच असते असे नाही. पाणथळ जागी, चरांत किंवा साचलेल्या पाण्यावर लोहजिवाणूंची चकचकीत साय धरते. ओळखण्याची रीत सोपी आहे. काठीने तवंग हलवावा. तो फुटून पत्र्यासारखे तुकडे वेगवेगळे झाले आणि तसेच राहिले, तर ती जिवाणूंची साय. काठी काढताच रंग पुन्हा वाहत येऊन एक झाले, तर ते तेल. तसेच मुळा-मुठा आणि इंद्रायणीवर दिसणारा पांढरा फेस हा मुख्यत्वे साबण-डिटर्जंट असलेल्या सांडपाण्याचा असतो, तो तेलाचा तवंग नव्हे.

तवंगाच्या चार वाटा

तवंग पाण्यावर आला की त्याला चार वाटा फुटतात.

पहिली वाट वर हवेत. पातळ थर, वरून ऊन आणि वारा, म्हणजे वाळवणासारखीच स्थिती. धान्य ढिगात ठेवले तर वाळत नाही, अंगणात पसरले की वाळते, तसेच हे. पेट्रोलचा तवंग एक-दोन दिवसांत जवळजवळ सगळा उडून जातो. रॉकेल आणि डिझेलचा हलका भाग उडतो, जड भाग मागे राहतो. इंजिन ऑइल जवळजवळ उडतच नाही. पाण्यात थोडेसे विरघळलेले पेट्रोलचे घटकही तेथे रमत नाहीत, पाणी खळखळले की तेही बाहेर पडतात. सकाळचा तवंग दुपारी दिसत नाही, याचे एक मोठे कारण हेच.

दुसरी वाट पाण्यात. शहराच्या सांडपाण्यात डिटर्जंट असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते. त्यामुळे तेल बारीक कणांत फुटून पाण्यात उतरते. वर तवंग नाही, पण पाणी गढूळ आणि तेलकट, अशी अवस्था होते.

तिसरी वाट तळाला. जड तेल गाळाच्या कणांना आणि जलपर्णीच्या मुळांना चिकटते आणि गाळाबरोबर बसते. पुराच्या वेळी गाळ उठला की तेही उठते.

चौथी वाट जिवाणूंच्या पोटात. तेल खाणारे जिवाणू निसर्गात आहेत, पण त्यांना प्राणवायू आणि सवड, दोन्ही लागतात. सांडपाण्याने भरलेल्या नदीत प्राणवायूचीच टंचाई असते, त्यामुळे ही वाट तेथे मंद पडते.

तेलाच्या जातीप्रमाणे वाट कशी बदलते, हे मुंबईजवळ दिसले. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली व सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. ते जहाजाचे जड इंधन होते. ते उडून गेले नाही, तर किनाऱ्यावर आणि खारफुटीच्या मुळांवर काळा लेप होऊन बसले. तेच पेट्रोल असते तर किनारा कमी काळा झाला असता, पण हवेने ते सगळे उचलले असते. सांडलेले तेल कोणाला तरी भोगावे लागते, पाण्याला नाही तर हवेला.

हवेत गेल्यावर काय होते?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पुण्याच्या हवेत जे हायड्रोकार्बन असतात, त्यांत नदीवरच्या तवंगाचा वाटा मोठा नाही. मोठे वाटेकरी म्हणजे वाहनांचा धूर, इंधन भरताना आणि साठवताना उडणारी वाफ, रंग व थिनर आणि कचऱ्यापासून पाचटापर्यंत जे जे उघड्यावर जाळले जाते ते. पूर्वीच्या टू-स्ट्रोक रिक्षा आणि स्कूटर तर पेट्रोलचा बराच हिस्सा न जाळताच मागून सोडीत. परंतु पाण्यावरून उठलेली वाफ असो की पंपावरून उठलेली, हवेत गेल्यावर तिची गत एकच.

शहराच्या हवेत वाहनांच्या धुरातून नत्राची ऑक्साइडे येतात. ऊन पडले की नायट्रोजन डायऑक्साइड आपल्याजवळचा एक प्राणवायूचा अणू सोडतो. तो हवेतल्या प्राणवायूला मिळून ओझोन बनतो. उरलेले नायट्रिक ऑक्साइड त्या ओझोनकडून अणू परत घेते व पुन्हा पूर्ववत होते. सोसायटीत उचल आणि भरणा बरोबर व्हावा, तसे हे खाते एरवी जुळते. आता यात हायड्रोकार्बन शिरले म्हणजे होते काय? उन्हात तुटताना ते नायट्रिक ऑक्साइडला परस्पर अणू देऊन टाकतात. त्याला ओझोनकडे जाण्याची गरज राहत नाही. उचल चालू, परतफेड बंद, आणि ओझोनची बाकी दुपारपर्यंत वाढत जाते.

आकाशात फार उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो, तो वेगळा. जमिनीलगतचा ओझोन हा विषारी वायू आहे. माणसाच्या छातीला तो त्रास देतो आणि पिकाच्या पानांत पर्णरंध्रांवाटे शिरून आतल्या पेशी भाजतो.

विशेष म्हणजे जगाला हे पहिल्यांदा पिकांनीच दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराभोवतीच्या भाजीपाल्याची पाने चंदेरी, तपकिरी पडू लागली. कीड नव्हती, रोग नव्हता. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तेथे अननसाच्या वासाचा अभ्यास करीत होते. त्यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले की, इंधनातले हायड्रोकार्बन, नत्राची ऑक्साइडे आणि ऊन यांच्या मेळातून ओझोन तयार होतो व तोच पाने जाळतो.

नदीच्याही खाली, वाऱ्याच्याही खाली

मुळा-मुठा पुण्यातून पूर्वेकडे वाहते, म्हणून आपण नदीच्या खालच्या अंगाला आहोत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात पुण्यावरचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणजे शहराची हवाही आपल्याच शिवाराकडे येते. पावसाळ्यातही वारा पश्चिमेचाच, पण तेव्हा ढग असतात, ऊन कमी असते, हवा धुतली जाते. म्हणून पुण्यात ओझोन वाढतो तो मार्च ते मे या काळात, भर दुपारी.

यात आणखी एक गोम आहे. वाहतुकीच्या चौकात धुरातले ताजे नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकते. हवा शहराबाहेर पडली, ताजा धूर कमी झाला, ऊन लागत राहिले, की ओझोन साचतो. त्यामुळे शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या गावांत तो अधिक भरू शकतो. "आमच्याकडे कुठं ट्रॅफिक आहे, आमची हवा शुद्धच," असे म्हणून भागत नाही.

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात २००५ या वर्षासाठी ओझोनमुळे देशातील गव्हाचे सुमारे ३५ लाख टन आणि भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन बुडाल्याचा अंदाज काढला आहे. कापूस आणि सोयाबीन यांचेही नुकसान त्यात दाखविले आहे. उसाच्या वाणावाणांत ओझोन सोसण्याची ताकद कमीजास्त असल्याचे परदेशातील प्रयोगांत दिसले आहे. याच संस्थेची 'सफर' ही यंत्रणा २०१३ पासून पुण्याच्या हवेची मोजणी आणि अंदाज देत आहे. देशाच्या २००९ च्या हवा मानकांप्रमाणे ओझोन ८ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि बेंझीन वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावा.

पिकाच्या पानांवर, विशेषतः जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात बारीक फिकट किंवा तांबूस ठिपके उठले, पाने वेळेआधी पिवळी पडली, आणि कीड-रोगाचे चिन्ह नाही, तर ओझोनचा संशय घ्यावा. मात्र हीच लक्षणे अन्नद्रव्यांच्या कमतरतेनेही दिसतात, तेव्हा आधी माती व पानांची तपासणी करून घ्यावी. कोणी या कारणासाठी महागडे फवारणीचे औषध विकू लागला, तर ऊस विकास कार्यालयाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

धुके आणि पाचटाचा धूर

पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे केवळ नदी आणि विहीर नव्हे. गाळप हंगामात नदीकाठी पहाटे धुके धरते. धुक्याचा प्रत्येक थेंब म्हणजे चारी बाजूंनी उघडे असलेले एक छोटे तळेच. एक लिटर पाण्याचे २० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर त्यांच्या पृष्ठभागाची बेरीज सुमारे ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे भरते.

पाचट पेटवले की काजळीबरोबर जड हायड्रोकार्बन हवेत जातात. त्यांतले काही कर्करोगकारक म्हणून ओळखले जातात. यांनाही पाणी आवडत नाही, म्हणून ते धुक्याच्या थेंबात न शिरता त्याच्या कातडीवर बसतात. तेथे ओझोन आणि ऊन त्यांच्यावर काम करतात, आणि हे काम मोकळ्या हवेपेक्षा थेंबाच्या कातडीवर जलद होऊ शकते, असे प्रयोगशाळांतील अभ्यासांत आढळले आहे. ऊन वर आले, थेंब सुकला, की त्या जागी एक सूक्ष्म कण मागे राहतो. तोच श्वासावाटे छातीत जातो, तोच पाटाच्या पाण्यावर काजळीची साय धरतो. नदीवरचा तवंग पाण्यातून हवेत जातो, हे मात्र हवेतून पाण्यावर येते. रहदारी दोन्ही बाजूंनी आहे. शहराकडे बोट दाखवताना आपल्याकडची काडी आपणच ओढतो, हे विसरून चालणार नाही. ब्राझीलच्या साव पावलो राज्याने २००२ साली कायदा करून ऊस पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, ते उगाच नव्हे.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, सेंद्रिय कर्ब तर भरपूर. ते जाळून हवेत पाठवण्याऐवजी सरीत दाबावे. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक वापरले की खोडव्यात ते चांगले कुजते.

विहिरीवर तवंग दिसला तर

(१) विहिरीत उतरू नये आणि काठावर विडी-काडी पेटवू नये. ही सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न येता विहिरीच्या पोकळीत साचते. एक ठिणगी भडका उडवण्यास पुरे होते, आणि ठिणगी नसली तरी खाली उतरलेल्या माणसाला भोवळ येऊन तो पाण्यात पडतो. त्याला काढायला उतरणाऱ्याचीही तीच गत होते. पेट्रोल-डिझेलचा वास येत असेल तर मोटारही चालू करू नये, ताबडतोब तहसील कार्यालयाला व आम्हाला कळवावे.

(२) वास तीव्र नसेल, तवंग थोडा असेल, तर कोरडे चिपाड पोत्यात सैल भरून दोरीने पाण्यावर सोडावे. कोरडे चिपाड तेल चांगले शोषते. मात्र ते भिजून जड होण्याआधी काढून दुसरे पोते सोडावे. काढलेले चिपाड चुलीत घालू नये, बंद डब्यात ठेवावे आणि जळक्या ऑइलबरोबरच द्यावे.

(३) फूटव्हॉल्व्ह तवंगाच्या पुष्कळ खाली ठेवावा. पाणी तळाला लागेपर्यंत उपसू नये, नाही तर तेल ओढले जाऊन ठिबकच्या नळ्यांत बसते व रबरी वायसर फुगतात.

(४) पिण्यासाठी व जनावरांसाठी ते पाणी तपासणी होईपर्यंत वापरू नये. तवंग गेला तरी विरघळलेले बेंझीन डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोलमध्ये आपले इथेनॉल मिसळलेले असले तरी सावधगिरी तीच. भूजलात गळती झाली तर जिवाणू आधी इथेनॉल खातात, प्राणवायू त्यातच संपतो आणि बेंझीन अधिक काळ मागे राहते.

(५) डास मरावेत म्हणून विहिरीत रॉकेल किंवा जळके ऑइल टाकण्याची जुनी सवय सोडावी. तवंगाने डासांच्या अळ्यांची श्वासनळी बंद होते, हे खरे. पण तेच पाणी आपण पितो. त्यापेक्षा गप्पी मासे सोडावेत.

(६) ट्रॅक्टर, ट्रक, मोटारसायकल नदीत किंवा कालव्यात धुऊ नये. जळके ऑइल डब्यात साठवून नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचेल अशाच माणसाला द्यावे. बांधावर ओतलेले ऑइल पहिल्या पावसात ओढ्याला जाते.

कारखान्याचीही जबाबदारी

सभासदांना सांगताना कारखाना बाजूला राहू शकत नाही. मिलच्या बेअरिंगला वंगण लागते, फरशी धुतली की ते गटारात येते. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे मानक आहे. म्हणजे एक लाख लिटर पाण्यात एक किलोपेक्षा जास्त नको. यासाठी सांडपाणी पुढे जाण्याआधी तेल तरंगू देऊन वरच्या वर काढून घेणारी टाकी लागते, आणि ती वेळच्या वेळी साफ करावी लागते. टाकी साफ झाली की नाही, तपासणीचे आकडे किती आले, हे विचारण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. वार्षिक सभेत ऊसदर विचारावा, तसा हाही आकडा विचारावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

राहिला उसाला पाणी सोडण्याचा प्रश्न. तवंग दुपारी गेला एवढ्यावरून सोडू नये. तेल कोठून आले ते आधी शोधावे, गळती बंद करावी, एक दिवस पाणी स्थिर राहू द्यावे आणि खालच्या थरातले पाणी घ्यावे. पाण्याला वास असेल किंवा बोटाला ओशट लागत असेल, तर स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीत, बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून नमुना गट ऑफिसात त्याच दिवशी आणून द्यावा. प्लॅस्टिकच्या बाटलीत आणू नये. तेल प्लॅस्टिकला चिकटते, आणि मोकळी जागा राहिली तर जे मोजायचे तेच तिच्यात उडून जाते.

कळावे,
ऊस विकास अधिकारी